द्वारकेच्या चौकातून : नाशिकच्या वाइनची पारख

महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेची एक गोष्ट आहे. यादवकुळावरील अरिष्ट टळावे म्हणून नगरीत दवंडी पिटविण्यात आली की, आजपासून कोणीही घरी मद्य तयार करू नये. जो करील त्याला बांधवांसह सुळावर देण्यात येईल. भयाने लोकांनी आज्ञा पाळली. परंतु पुढे तीच मंडळी प्रभासक्षेत्री यात्रेस गेली, तेथे यथेच्छ प्याली, शब्दाने शब्द वाढला, आणि समुद्रकाठच्या लव्हाळ्यांनी एकमेकांचा संहार करून मोकळी झाली. दवंडीने मद्य बंद झाले, पण विवेक काही आला नाही, असा या कथेचा अर्थ घेता येईल.

नाशिक शहरातही एक द्वारका आहे. ती नगरी नव्हे, चौक आहे. मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जेथे मिळतो तो हा चौक. वर उड्डाणपुलावरून मालमोटारी धावत असतात. खाली रिक्षा, एस. टी. गाड्या आणि भाजीचे टेम्पो एकमेकांची वाट अडवून उभे असतात. जानेवारी ते मार्च हा द्राक्षांचा हंगाम. त्या दिवसांत क्रेटांनी भरलेल्या गाड्या या रस्त्यांवर सारख्या दिसतात. पुराणातील द्वारकेत मद्य करण्यास बंदी होती. या द्वारकेतून मात्र बहुतेक कोणतीही वाट धरली तरी तासा-दीड तासात द्राक्षांपासून वाइन करणारा एखादा कारखाना लागतो. तेव्हा येथे प्रश्न दवंडीचा राहिलेला नाही, पारखीचा आहे.

एका गृहस्थांची अडचण डोळ्यांपुढे आणावी. समजा, ते द्वारकेजवळ राहतात, नोकरीतून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या घरात आजवर बाटली आली ती फक्त औषधाची. मुलगी पुण्यास दिली आहे. रविवारी जावयाच्या नव्या घरी भोजन आहे. व्याही आणि विहीणबाईही येणार आहेत. जावई दूरध्वनीवर जरा भीतभीतच म्हणाले, "बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू? येताना नाशिकची एखादी चांगली वाइन आणाल का? आमच्या अण्णांना आवडते." गृहस्थ 'बरे' म्हणून बसले. आता स्वस्त न्यावी तर व्याह्यांपुढे चिक्कूपणा दिसेल. महाग न्यावी तर दुकानदाराने आपल्याला फसविले नाही ना, ही रुखरुख. पत्नीने एका वाक्यात निकाल दिला, "अहो, न्यायचीच तर चार जाणत्या माणसांना विचारून न्या. साडी घेताना पदर उलटून पाहतो ना आपण, तसे पाहा."

या गृहस्थांना जे समजून घ्यावे लागेल, तेच येथे सांगावयाचे आहे. जे घेत नाहीत त्यांनी घ्यावयास लागावे, असा त्यात हेतू नाही. पण ज्यांना घ्यावयाची आहे त्यांनी डोळसपणे घ्यावी, यात ग्राहकाचे हित आहे, आणि द्राक्षे पिकविणाऱ्याचेही आहे. हे दुसरे हित बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. महाराष्ट्रात 'वाइन शॉप' अशी पाटी लावलेल्या दुकानात शिरावे, तो व्हिस्की, रम आणि बिअर यांच्याच रांगा नजरेस पडतात. खरी वाइन कोपऱ्यातील एखाद्या फळीवर असते. त्यामुळे वाइन म्हणजे दारू आणि दारू म्हणजे सगळी एकच, असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. वस्तुतः व्हिस्की आणि रम ही ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ धरून ती थंड करून, तीव्र केलेली मद्ये होत. त्यांत मद्यार्काचे प्रमाण शेकडा 40 च्या आसपास असते. वाइन ही केवळ आंबविलेली असते, आणि तिच्यात ते साधारणपणे शेकडा 12 ते 14 असते. अर्थात मद्यार्क तो मद्यार्कच. प्रमाण कमी म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. पण दोन वस्तू वेगळ्या आहेत, एवढे प्रथम समजले पाहिजे.

वाइन होते कशी? द्राक्षातील साखर यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव खातो आणि तिचा मद्यार्क होतो. एक लिटर रसात सुमारे 17 ग्रॅम साखर असली, तर तिच्यापासून शेकडा एक या प्रमाणात मद्यार्क उतरतो. म्हणजे 13 टक्क्यांच्या वाइनसाठी लिटरमागे 220 ग्रॅमच्या आसपास साखर मुळात द्राक्षातच असावी लागते. खाण्याच्या द्राक्षांत इतकी गोडी सहसा नसते. म्हणून वाइनच्या द्राक्षांची जातच निराळी. ती मण्याने लहान, सालीने जाड आणि बियांची असतात. आणि वेलीवर घडही मुद्दाम थोडे ठेवावे लागतात. साडेसातशे मिलिलिटरच्या एका बाटलीस एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात. रस काढून साल बाजूस केली की पांढरी वाइन होते. सालीसकट आंबविली की तांबडी. साल थोडाच वेळ रसात राहू दिली की गुलाबी, जिला रोझे म्हणतात.

आपल्याकडे हे ज्ञान अगदी नवे आहे असेही नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून, कापिशायन आणि हारहूरक ही त्याची नावे ते जेथे होते त्या देशांवरून पडल्याचे नोंदविले आहे. वाइन ओळखावयाची ती तिच्या भूमीवरून, हा विचार येणेप्रमाणे फार जुना आहे. आज 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक निर्देशनाची कायदेशीर नोंद मिळाली आहे, ती याच विचाराची अलीकडची आवृत्ती होय.

मग नाशिकच्या भूमीचा गुण कोणता? हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो आणि शरद ऋतूच्या आगेमागे द्राक्षे काढतात. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून शेतकरी त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस सरल्यावर फळछाटणी, जिला बागाईतदार गोडी छाटणी म्हणतात. त्यामुळे येथील द्राक्ष ऐन थंडीत भरते. दिवसा ऊन, रात्री गारठा. निफाडच्या थंडीचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात, ते सर्वांनी वाचलेले असतात. दिवसाच्या उन्हाने साखर चढते आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो. वाइनचा सारा तोल या दोहोंवर असतो.

तरीही प्रत्येक जात येथे सारखी मानवत नाही. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील शेनिन ब्लां ही पांढरी जात उन्हातही आपला आंबटपणा सोडत नाही. ती येथे उत्तम रुजली. तांबड्यांत शिराझ ही जात उन्हाची भोक्ती. तिचेही येथे चांगले जमले. सोव्हिन्यों ब्लां आणि काबर्ने सोव्हिन्यों यांनीही नाव मिळविले. याउलट पिनो न्वार ही नाजूक जात थंड हवेची. तिची तांबडी वाइन नाशिकहून अपेक्षू नये. यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. ज्या भूमीस जी जात मानवते, तिचीच बाटली त्या भूमीतून घ्यावी. नाशिकची शेनिन आणि नाशिकची शिराझ या दोहोंत पैसे वाया जाण्याचा संभव सर्वांत कमी.

आता थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कारण बाटलीच्या मागे जी माणसे आहेत ती त्याशिवाय दिसत नाहीत. 1980 नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावास वाइनचा कारखाना काढला, आणि त्यांची फसफसणारी वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी गेली. पुढे राजीव सामंत अमेरिकेतील नोकरी सोडून नाशिकच्या घरच्या जमिनीवर परतले. 1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. आईच्या सुलभा या नावावरून संस्थेस 'सुला' हे नाव दिले. आणि 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली. 2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करांत मोठी सवलत दिली, आणि विंचूर येथे खास वाइन पार्क उभारले. मग काय विचारता! जो तो वाइनकडे धावला. शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांचे वेल काढून वाइनचे वेल लावले.

परंतु प्यायची जाण वाढण्यापूर्वी टाक्या वाढल्या. 2008 साली जगात मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला आणि प्रवासी व हॉटेले यांचा व्यवसाय बसला. वाइन टाक्यांत पडून राहिली. कित्येक कारखान्यांनी द्राक्षे उचलली नाहीत. कित्येक बंद पडले. नारायणगावची ती मोठी कंपनीही कर्जाखाली बुडाली. वाइनचे द्राक्ष हातगाडीवर विकता येत नाही. बियांचे, जाड सालीचे द्राक्ष घरी कोण खाणार? ज्या वेलींना फळास आणण्यात दोन-तीन वर्षे घातली होती, ते वेल शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने उपटून टाकले. या सर्वांत दोष केवळ मंदीचा नव्हता. कशीतरी केलेली, उन्हात ठेवलेली, साखरेने झाकलेली वाइनही त्या काळी पुष्कळ विकली गेली, आणि एकदा तोंड पोळलेला ग्राहक पुन्हा फिरकला नाही. पारखी ग्राहक नसला तर चांगला आणि वाईट कारखाना एकाच भावात बुडतो, हा त्या वर्षांचा धडा आहे.

तेव्हा पुन्हा द्वारकेच्या चौकात येऊन एकेक वाट पाहावी.

पश्चिमेस, शहर ओलांडून, गंगापूर धरणाकडे जाणारी वाट पहिली. या बाजूस सुला आहे. सुलाची शेनिन ब्लां किंचित गोडसर, फळांच्या वासाची आणि नवख्याला न दचकविणारी आहे. सोव्हिन्यों ब्लां अधिक कोरडी. तिला हिरव्या पानांचा, कैरीसारखा वास येतो. 'कोरडी' म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही अशी, हा वाइनच्या भाषेतील अर्थ ध्यानात ठेवावा. ओकच्या पिंपात मुरविलेली 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' ही या घराण्याची, दामाच्या मानाने, सर्वांत समाधानकारक तांबडी बाटली म्हणता येईल. 'रासा' ही त्याच जातीची उंची बाटली. ती मोठ्या प्रसंगासाठी. जवळच गंगाव्हरे येथे गुरनानी कुटुंबाने काढलेली यॉर्क वायनरी आहे. हे नाव इंग्लंडमधील शहराचे वाटते खरे. पण ते कुटुंबातील तीन मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. 2021 साली ती सुलाने विकत घेतली. तिची शेनिन ब्लां आणि 'आरोस' नावाची तांबडी, दोन्ही विचारून घेण्यासारख्या आहेत. याच गावी सोमा नावाची लहान वायनरीही आहे.

दुसरी वाट उत्तरेस दिंडोरीची. येथे फ्रान्समधील प्रसिद्ध मोएत हेनेसी या संस्थेची 'शाँदों' ही फसफसणारी वाइन होते. ती 2013 साली बाजारात आली. फसफसणाऱ्या प्रत्येक वाइनला लोक शॅम्पेन म्हणतात, ते बरोबर नाही. शॅम्पेन हे फ्रान्समधील प्रांताचे नाव. तेथे होईल तीच शॅम्पेन. रीत मात्र दिंडोरीतही तीच आहे. एकदा आंबलेली वाइन बाटलीत भरून तिच्यात पुन्हा यीस्ट व साखर घालतात. दुसऱ्यांदा आंबताना जो वायू सुटतो तो बाटलीत कोंडून राहतो आणि त्याचेच बुडबुडे होतात. शाँदोंसाठी शेनिन ब्लां, शार्दोने आणि पिनो न्वार ही द्राक्षे घेतात. पिनोची तांबडी नाशिकहून अपेक्षू नये असे वर म्हटले. बुडबुड्यांच्या वाइनसाठी द्राक्ष लवकर काढावयाचे असल्यामुळे येथे तिची अडचण होत नाही. सुलाची 'ब्रूत' हीही याच रीतीची. मंगलप्रसंगी एकच बाटली न्यावयाची असेल तर ही जात सर्वांना चालते.

तिसरी वाट नैऋत्येस, मुंबईच्या बाजूने इगतपुरी तालुक्यात. कपिलधारा तीर्थामुळे ज्ञात असलेल्या कावनईजवळ शैलेंद्र पै यांची व्हॅलोने ही लहान वायनरी आहे. येथे वाइन थोडी होते, पण कष्टाने होते. मूळची फ्रान्सची आणि पुढे अर्जेंटिनात नावारूपास आलेली माल्बेक ही जात नाशिकच्या मातीत काय करून दाखविते, ते येथील बाटलीत पाहावे. द्राक्षे सुकवून, मनुकांच्या वाटेवर नेऊन केलेली एक गोड वाइनही येथे होते. तिचे नाव लांब आणि फ्रेंच आहे. दुकानात 'व्हॅलोनेची गोड वाइन' म्हटले तरी पुरे. याच तालुक्यात सांजेगाव येथे ग्रोव्हर झाम्पाचा कारखाना आहे. कंवल ग्रोव्हर यांनी 1988 साली बंगलोरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ही संस्था उभारली. 2012 साली ती नाशिकच्या संस्थेशी एकरूप झाली. तिची 'ला रिझर्व्ह' ही काबर्ने आणि शिराझ यांची तांबडी वाइन भारतातील जुन्या, नावाजलेल्या बाटल्यांपैकी एक होय. ती नंदी टेकड्यांची. नाशिकची हवी असेल तर तिची 'सोइरे' ही बुडबुड्यांची वाइन घ्यावी.

चौथी वाट गोदावरी ओलांडून निफाडची. तेथे कुंदेवाडी येथे पाटील कुटुंबाची रेव्हिलो आहे. पिढीजात शेती करणाऱ्या कुटुंबाने इटालियन तज्ज्ञ आणून, नेरो द'आव्होला, सांज्योवेझे आणि ग्रिलो या इटलीच्या जाती निफाडात लावल्या. नेरो द'आव्होला ही मूळची सिसिली बेटाच्या उन्हातील. ती निफाडात रमली यात नवल नाही. व्याह्यांना नेहमीच्या बाटल्या परिचित असतील, तर त्यांना ही नवी वाटेल.

राहिली पाचवी, पुण्याची वाट. तिच्यावर नारायणगाव लागते, ते आता इतिहासापुरते. पण पुण्याच्याही पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटील आणि इटलीचे सेक्की बंधू यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली फ्रातेल्ली ही संस्था आहे. तिची 'सेत्ते' ही सांज्योवेझे आणि काबर्ने यांची तांबडी बाटली महाराष्ट्रातील पहिल्या प्रतीत धरली जाते. नाशिककराने शेजाऱ्याचेही कौतुक केले पाहिजे.

आता दामाची गोष्ट. महाराष्ट्रात शेनिन ब्लांसारखी नित्याची चांगली बाटली हजार रुपयांच्या आसपास मिळते. पिंपात मुरविलेली त्याच्या वर. आणि 'रासा' किंवा 'सेत्ते' यांसारखी उंची बाटली दोन हजारांच्या घरात जाते. हा फरक कशाचा? ओकच्या एका नेहमीच्या पिंपात 225 लिटर वाइन मावते, म्हणजे 300 बाटल्या. पिंप बहुधा परदेशाहून आणावे लागते, आणि काही वर्षांनी त्याचा गुण सरतो. वाइन त्यात वर्षभर बसली तर तितके दिवस भांडवलही बसते. तेव्हा महाग बाटलीत फसवणूक असतेच असे नाही. परंतु जी वाइन ताजेपणासाठी घ्यावयाची तिला पिंपाची गरजही नसते. म्हणून दुसरा नियम असा की, पांढरी घ्यावी ती साधी आणि ताजी. पैसे अधिक खर्चावयाचे असतील तर ते तांबड्या रिझर्व्हवर खर्चावे.

परदेशी बाटलीचा मोह पुष्कळांना असतो. तो आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनची नोंद आहे, आणि त्यातही इटलीच्या वाइनला पसंती असे, असे लिहिले आहे. म्हणजे आपली ही आवड दोन हजार वर्षांची झाली! पण हिशेब करून पाहावा. परदेशी वाइनवर भारतात दीर्घकाळ शेकडा 150 आयातकर होता. 2022 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाशी झालेला करार अमलात आला, तेव्हा त्या देशाच्या ठरावीक किमतीवरील बाटल्यांचा कर उतरावयास आरंभ झाला. कराच्या अशा ओझ्याखाली आलेल्या स्वस्त परदेशी बाटलीत मूळ वाइन किती रुपयांची असणार? त्याच दामात नाशिकची बाटली बहुधा सरस ठरते. कारण तिच्या दामातील अधिक वाटा द्राक्षाला मिळालेला असतो.

दुकानात काय पाहावे? प्रथम वर्ष. बाटलीवर छापलेले साल हे द्राक्षे काढल्याचे साल असते. शेनिन, सोव्हिन्यों आणि रोझे यांचे साल जितके अलीकडचे तितके बरे. तीन-चार वर्षे जुनी पांढरी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी. तांबडी रिझर्व्ह दोन-चार वर्षांची असण्यास हरकत नाही. 'जितकी जुनी तितकी चांगली' ही म्हण थोड्याच उंची वाइनांना लागू पडते. दुसरे, द्राक्षाची जात आणि गाव यांचा स्पष्ट उल्लेख. ज्या स्वस्त बाटलीवर यांपैकी काहीच नाही, केवळ 'गोड' किंवा 'पोर्ट' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, तिच्यात साखर द्राक्षाची किती आणि पोत्यातली किती, हे विचारावे. तिसरे, बाटली ठेवली कोठे आहे. उष्णता ही वाइनची वैरीण. काचेच्या कपाटात उन्हासमोर महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली कितीही नामांकित असली तरी घेऊ नये. आतली, सावलीतली मागावी. बूच वर सरकलेले किंवा ओघळ आलेला दिसला तर परत करावी. फिरकीचे झाकण म्हणजे हलकी वाइन, असा समज आहे, तो चुकीचा आहे. ताजी वाइन त्यात उत्तम टिकते.

आणि आणखी एक. एप्रिल-मेच्या उन्हात द्वारकेहून पुण्यास जाताना ती मोटारीच्या डिकीत टाकू नये. कापडात गुंडाळून आत पायापाशी ठेवावी.

ताटाशी मेळ कसा घालावा? यात फार शास्त्र नाही. तळलेल्या आणि खारट पदार्थांना, म्हणजे भजी, बटाटेवडा, कोथिंबीरवडी यांना, बुडबुड्यांची किंवा शेनिन चांगली. तळलेल्या पापलेटास सोव्हिन्यों. मटणाच्या रश्श्यास शिराझ. मात्र रस्सा फार तिखट असेल तर तांबड्या वाइनने जीभ अधिकच भाजते, तेथे गोडसर शेनिनच बरी. पांढरी दोन तास शीतपेटीत ठेवावी. तांबडी 'घरच्या हवेत' द्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण ती घरे युरोपातील. आपल्या घरात तिलाही अर्धा तास गारव्यात ठेवणे इष्ट. उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत संपवावी, पण संपवावयाची म्हणून कोणी अधिक घेऊ नये.

हे शेवटचे वाक्य विनोदाने घेऊ नये. रोज थोडी वाइन प्रकृतीस हितकर असते, असे पूर्वी पुष्कळ छापून येई. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की, मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा औषध म्हणून वाइन कोणी घेऊ नये. महाराष्ट्रात 21 वर्षांखालील व्यक्तीस ती देता येत नाही. घेतल्यावर वाहन चालविणे हा गुन्हा आहे, आणि द्राक्षबागांतून परतणाऱ्यांनी तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. 2022 च्या 27 जानेवारीस राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा भांडारांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढे वादळ उठले ते सर्वांस स्मरतच असेल. एका बाजूस शेतकऱ्याचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूस घरोघर शिरणाऱ्या व्यसनाचे भय. दोन्ही बाजूंत खोटे काही नव्हते. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात; पाच माणसांत एक बाटली हे प्रमाण ज्या घरात पाळले जाते, तेथे या दोन बाजूंचे भांडण होत नाही.

आता त्या गृहस्थांचे काय? त्यांनी एक ताज्या सालाची शेनिन ब्लां आणि एक शिराझ रिझर्व्ह घ्यावी. दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आतबाहेर पडतील, आणि त्यात चिक्कूपणाही नाही, उधळपट्टीही नाही. व्याह्यांना बुडबुड्यांची हौस असेल तर शेनिनऐवजी दिंडोरीची शाँदों घ्यावी. स्वतः त्यांनी नेहमीप्रमाणे सरबत घ्यावे. न घेणाऱ्याचा संकोच होऊ नये हाही यजमानाचा धर्म आहे. परंतु व्याह्यांनी बाटली हातात घेऊन "ही का निवडलीत?" असे विचारले, तर त्यांना उत्तर देता येईल. द्राक्ष कोणते, कोणत्या गावचे, कोणत्या हंगामात काढलेले, आणि तेथे ते का चांगले पिकते, हे त्यांना सांगता येईल. दोन घरांच्या बोलण्याला याहून चांगली सुरुवात कोणती असणार?

आणि त्यांच्या या दोन बाटल्यांनी निफाड-दिंडोरीत काय होईल? वरवर पाहता काहीच नाही. पण साल पाहून, जात विचारून, उन्हातली बाटली नाकारून घेणारी अशी शंभर, हजार घरे झाली, तर वाइन नीट करणाऱ्याची टाकी रिकामी होते. आणि ज्याची टाकी रिकामी होते तो पुढच्या जानेवारीत द्राक्षे उचलावयास वेळेवर येतो. ज्या शेतकऱ्याने एकदा आपले वेल उपटले आहेत, त्याला दुसऱ्यांदा ते उपटावे लागू नयेत, इतके तरी द्वारकेच्या चौकातून बाटली घेऊन जाणाऱ्या ग्राहकाच्या हाती खास आहे.